घरी ऑक्सिजन सुरू झालाय? आज २ लिटर, पुढच्या महिन्यात किती, ते सांभाळायचं कसं

आईला डिस्चार्ज मिळाला तेव्हा कार्डावर शेवटच्या ओळीत एवढंच लिहिलं होतं, घरी ऑक्सिजन २ लिटर, म्हणजे दर मिनिटाला २ लिटर. दिवसभर की फक्त रात्री, बाथरूमला जाताना वाढवायचा का, लाईट गेली तर काय, यातलं कोणी काही सांगितलं नाही आणि त्या गडबडीत आम्हालाही विचारायचं सुचलं नाही. दादाने फोनाफोनी करून संध्याकाळपर्यंत भाड्याचं मशीन आणलं, आईच्या नाकाला नळी लागली आणि आम्हाला वाटलं झालं काम.

आम्ही पुण्यात कोथरूडला राहतो. आई मूळची जुन्नरकडची, चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेली, आयुष्यात विडी-सिगारेटला हात लावला नाही तरी सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार. चुलीच्या धुरानेही हा आजार होतो हे आम्हाला तेव्हा माहीतच नव्हतं. आता अडीच वर्षं घरी ऑक्सिजन आहे आणि या काळात २ चा ३ झाला, ३ चा परत दीड झाला, चालताना वेगळा, झोपेत वेगळा. पेशंटची गरज अशी सारखी बदलत राहते आणि घरच्यांनी तिच्यामागे धावण्यापेक्षा आधीपासून तयारीत राहावं म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही. लिटर किती ते तुमचे छातीचे डॉक्टरच ठरवणार, बाकी घरातलं सगळं मात्र आपल्यालाच बघावं लागतं.

१. डॉक्टरांकडून एक नाही, तीन आकडे लिहून घ्या

बसल्याजागी किती लिटर, चालताना किती, झोपेत किती. हे तीन वेगळे असू शकतात. बसून सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचे टक्के) ९१ असलेला माणूस बाथरूमपर्यंत जाऊन आला की ८२ वर येतो, आणि आपण फक्त खुर्चीत बसवून मोजत असू तर ते कळतच नाही. चालतानाचं बघायला ६ मिनिटं चालवून टेस्ट करतात, झोपेतलं बघायला रात्रभर बोटाला ऑक्सिमीटर लावून रेकॉर्ड काढतात. दोन्ही टेस्ट होतात का, कधी करायच्या, हे स्वतःहून विचारा.

चौथी गोष्ट म्हणजे टार्गेट. सॅच्युरेशन किती ते किती ठेवायचं, वरची मर्यादा पण. आमची सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. घरी येऊन आठवडा झाला असेल, रात्री अकराला ऑक्सिमीटरवर ८९ दिसलं, दादा घाबरला, त्याने सरळ ४ वर नेलं, आकडा ९७ झाला आणि आम्ही निवांत झोपलो. सकाळी आईला हाक मारली तर डोळे उघडेनात, उघडले तरी परत मिटायचे, डोकं खूप दुखतंय म्हणाली आणि चहाचा कप हातात दिला तर पंजा असा फडफडला की अर्धा चहा गोधडीवर. तसंच उचलून हॉस्पिटलला नेलं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठला होता. सीओपीडीच्या काही पेशंटना गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला की असं होतं, म्हणून त्यांचं टार्गेट साधारण ८८ ते ९२ ठेवतात. म्हणजे ८९ ला घाबरायचं काही कारणच नव्हतं. तुमच्याकडे पेशंटला फायब्रोसिस (फुफ्फुसं कडक होण्याचा आजार) किंवा दुसरं काही असेल तर टार्गेट वेगळं असणार, शेजारच्यांचा आकडा उचलू नका.

पाचवं, तास किती. कायमचा ऑक्सिजन साधारण कोणाला देतात तर बसल्याजागी सॅच्युरेशन ८८ किंवा खाली, किंवा एबीजी टेस्टमध्ये (धमनीतून रक्त घेऊन करतात ती) ऑक्सिजनचा दाब ५५ mmHg किंवा खाली असेल त्याला, आणि मग दिवसाचे किमान १५ तास तरी लावावा लागतो. १९८० आणि १९८१ साली अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये झालेले दोन मोठे अभ्यास याच्या मागे आहेत, जास्त तास लावणारे पेशंट जास्त जगले. "दम लागला की लावते, मग काढते" असं आई सुरुवातीला करायची. तसं चालत नाही. रात्रीचे तास धरले तर १५ सहज होतात.

२. मशीन घ्यायला जायच्या आधी हे कागद एका पिशवीत भरा

- डिस्चार्ज कार्ड आणि डॉक्टरांची ताजी चिठ्ठी, लिटर आणि तास लिहिलेली, सही-शिक्क्यासकट
- एबीजीचा रिपोर्ट
- पेशंटचं आणि तुमचं आधार, झेरॉक्स दोन-दोन
- पत्त्यासाठी लाईटबिल
- डिपॉझिटसाठी चेक किंवा ऑनलाइन पेमेंटची सोय

बिल पेशंटच्या नावाने आणि पक्कं घ्या. मेडिक्लेममध्ये घरच्या मशीनचे पैसे बऱ्याच पॉलिसी देत नाहीत, पण तुमची पॉलिसी वाचल्याशिवाय सोडून देऊ नका.

३. मशीन की सिलिंडर, विकत की भाड्याने

दोन्ही लागतं. रोजच्यासाठी मशीन म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, अडीअडचणीला सिलिंडर.

कॉन्सन्ट्रेटर खोलीतली हवा ओढतो, आतल्या झिओलाइटच्या दाण्यांमध्ये नायट्रोजन अडकवतो आणि साधारण ९० टक्क्यांच्या पुढचा ऑक्सिजन देतो. तो संपत नाही, पण लाईट पाहिजे. सिलिंडरला लाईट लागत नाही पण तो संपतो. हिशोब सोपा आहे, छोट्या बी टाईपमध्ये साधारण १५०० लिटर असतात, म्हणजे २ लिटरने बारा तास. जम्बोमध्ये साधारण ७०००, म्हणजे २ लिटरने ५८ तास. पण लिटर ४ झाले की हेच तास निम्मे होतात, गरज वाढली की हा हिशोब परत मांडायला विसरू नका.

माझं स्पष्ट मत, पहिले तीन महिने भाड्यानेच घ्या. हॉस्पिटलातून निघताना जो आकडा ठरतो तो आजार अंगात असतानाचा असतो, दोन-तीन महिन्यांनी परत तपासला की बऱ्याच जणांचा कमी होतो, काहींचा बंदही होतो. आमच्या ओळखीतल्या एका काकूंनी दुसऱ्या दिवशी नवीन मशीन घेतलं आणि न्यूमोनिया बरा झाल्यावर ते तसंच कपड्याखाली झाकून पडलंय. पुण्यात बऱ्याच मंडळांची आणि संस्थांची रुग्णसाहित्य केंद्रं आहेत, नाममात्र भाड्यात वस्तू मिळतात, आधी आपल्या भागात चौकशी करा. मशीन नाही मिळालं तरी वरखाली होणारी कॉट, वॉकर, कमोडची खुर्ची तरी मिळते.

फसवणूक कुठे होते ते सांगते. कोविडनंतर जुनी मशीनं ढिगाने विकायला आली. काहींवर मोठ्या अक्षरात "१ ते ७ लिटर" असं असतं, पण ९३ टक्के शुद्धता फक्त १ लिटरलाच, पुढे वाढवत गेलात की टक्केवारी घसरत जाते आणि ५-६ ला साध्या हवेपेक्षा थोडीच बरी उरते. पेशंटला वाटतं ५ लिटर चालू आहे आणि सॅच्युरेशन का चढत नाही ते कोणालाच कळत नाही. आम्हाला पहिलं जे भाड्याचं मशीन मिळालं ते असंच थकलेलं होतं, दुकानाचं नाव घेत नाही. म्हणून मशीन घेताना दुकानदाराला ॲनालायझर लावून टक्के दाखवायला सांगा, आणि तुम्हाला लागतील त्याच लिटरवर दाखवायला सांगा. का-कू केली तर दुसरं दुकान बघा. मशीन किती तास चाललंय त्याचं मीटर असतं, त्याचा फोटो काढून ठेवा.

४. मशीन घरी आलं, पहिल्या तासात काय करायचं

भिंतीपासून एक फूट तरी लांब ठेवा, मागे पडदा किंवा सोफा नको, त्याला श्वास घ्यायला जागा लागते आणि ते गरम होतं. आवाजही करतं. रात्री त्रास होतो म्हणून आम्ही ते हॉलमध्ये ठेवून लांब नळीने बेडरूममध्ये नेलं. लांब नळी चालते पण साधारण ५० फुटांच्या पुढे नको, आणि लांब नळी लावल्यावर पेशंटच्या टोकाला किती येतंय ते टेक्निशियनकडून तपासून घ्या. नळी दाराखाली, कॉटच्या पायाखाली दबत नाही ना बघा. घरात कोणीतरी त्यात पाय अडकून पडणारच, म्हणून आम्ही ती भिंतीच्या कडेने क्लिप मारून नेलीय.

लिटर बघायला काचेच्या नळीत छोटी गोळी असते. गोळीचा मध्य रेघेवर पाहिजे, आणि डोळे गोळीच्या समोर आणून बघा, उभं राहून वरून बघितलं तर अर्ध्या लिटरचा फरक दिसतो. आईला दीडवरून २ किंवा २ वरून अडीच असं नकळत होत होतं ते यामुळेच.

आता ह्युमिडिफायरची बाटली, ऑक्सिजनला ओलावा देणारी. टोपण थोडंसं तिरकं बसलं की ऑक्सिजन तिथूनच निसटतो. एकदा दुपारी आईचं सॅच्युरेशन ८५, मशीन चालू, गोळी २ वर, सगळं ठीक दिसतंय, आणि मी घामाघूम. पंधरा मिनिटांनी लक्षात आलं की बाटलीत बुडबुडे नाहीत. सकाळी पाणी बदललं तेव्हा टोपण आटे चुकवून फिरवलं होतं. काढून परत नीट लावलं, बुडबुडे आले, पाच मिनिटांत ९०. तेव्हापासून पाणी बदललं की पहिलं काम, नळीचं टोक पेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे बघायचे, मग टोक पुसून नाकाला लावायची.

पाणी रोज बदला, मेडिकलमधलं डिस्टिल्ड किंवा उकळून गार केलेलं. बॅटरीत घालायचं पाणी वापरू नका, ते त्यासाठी नसतं. बाटली आठवड्यातून एकदा साबणाने धुवून पूर्ण वाळवा. मशीनची बाहेरची जाळी आठवड्याला धुवा, पुण्यात हल्ली चहूकडे बांधकाम आहे, आमची चार दिवसांत राखाडी होते. नाकातली नळी दोन ते चार आठवड्यांनी बदला, कडक झाली तर आधीच.

कानामागे नळी घासून जखम होते तिथे थोडा कापूस किंवा मऊ कापडाची पट्टी लावा. नाक कोरडं पडलं तर पाण्यावर आधारित जेल किंवा सलाईनचे थेंब, व्हॅसलीन आणि खोबरेल तेल बिलकुल नाही. कारण पुढे आगीच्या मुद्द्यात येईल.

५. लाईटचा बंदोबस्त

५ लिटरचं मशीन साधारण ३५० वॅट खातं. चोवीस तास चाललं तर दिवसाला आठ-साडेआठ युनिट, महिन्याला अडीचशे. महावितरणचा दर १०० आणि ३०० युनिटच्या पुढे चढत जातो, त्यामुळे बिल बघून धक्का बसेल, आधीच बजेटमध्ये धरा.

पुण्यात देखभालीसाठी लाईट बहुतेक गुरुवारी जाते हे सगळ्यांना माहीत आहे. बिलावर मोबाईल नंबर नोंदवलेला असेल तर मेसेज येतो, तो नोंदवा. तक्रारीसाठी १९१२. आमच्याकडे बुधवारी रात्रीच सिलिंडरचा काटा बघायची सवय लागलीय.

इन्व्हर्टर असेल तर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाईटसारखाच करंट देणारा पाहिजे. १५० एएचच्या एका बॅटरीवर पंखे-दिवे बंद ठेवून मशीन साधारण तीन तास चालतं, बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी, म्हणून लाईट असताना मेन स्विच बंद करून एकदा घड्याळ लावून बघा. आणि गरज वाढून १० लिटरचं मशीन आलं तर ते ६०० वॅटच्या आसपास घेतं, मग जुना इन्व्हर्टर पुरणार नाही. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

सिलिंडरचा पाना, रेग्युलेटर आणि जास्तीची नळी सिलिंडरलाच बांधून ठेवा. लाईट गेल्यावर अंधारात पाना शोधत बसणं किती जीवघेणं असतं ते मी अनुभवलंय. घरातल्या प्रत्येकाला, कामाच्या मावशींना सुद्धा, सिलिंडर उघडून नळी बदलायचा सराव द्या.

६. देवघर, गॅस आणि ऑक्सिजन

ऑक्सिजन स्वतः पेटत नाही पण जे पेटतं ते भडकवतो. कपडे, चादर, केस यात ऑक्सिजन मुरलेला असतो, नळी काढल्यावरही थोडा वेळ. म्हणून गॅस, निरांजन, उदबत्ती, कापूर यांपासून दहा फूट तरी लांब. तेल-तूप आणि व्हॅसलीनसारख्या चिकट गोष्टी ऑक्सिजनच्या नळीला, रेग्युलेटरला, चेहऱ्याला नकोत. घरात सिगारेट तर कोणाचीच नको.

आईला सगळ्यात कठीण हेच गेलं. गणपतीत आरतीचं ताट स्वतः ओवाळल्याशिवाय तिला चैन पडत नाही. आता ती हॉलच्या दुसऱ्या टोकाला खुर्चीत बसते, दिव्याच्या जागी सेलवरचा दिवा, कापूर नाही, आणि टाळ तिच्या हातात. पहिल्या वर्षी रडली, आता आम्ही आरती लवकर उरकली तर तीच ओरडते. दिवाळीत फटाक्यांच्या दिवसांत खिडक्या बंद, आणि डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा त्या चार दिवसांत त्रास वाढला तर काय करायचं.

७. वही ठेवा, बदल तिथेच दिसतो

दोनशे पानी वही. रोज सकाळ-संध्याकाळ एक ओळ, तारीख, किती लिटरवर, बसून सॅच्युरेशन किती, बाथरूमला जाऊन आल्यावर किती, नाडी, कफाचा रंग, झोप, पायाला सूज. बाकी काही नको, जास्त रकाने केले की आठ दिवसांत कंटाळा येतो.

ऑक्सिमीटर खोटंही सांगतो. थंडीत बोटं गार असली, नखाला नेलपॉलिश किंवा मेंदी असली, हात हलत असला तर आकडा चुकतो. हात चोळून गरम करा, एक मिनिट थांबा, आकडा स्थिर झाला की लिहा. आणि दर दहा मिनिटांनी मोजू नका, त्याने पेशंटचा दम अजून वाढतो, हे मी आईच्या डोळ्यात बघितलंय.

डॉक्टरांना त्याच दिवशी फोन कधी करायचा: नेहमीच्या लिटरवर नेहमीचं सॅच्युरेशन येत नाही, कफ वाढला किंवा पिवळा-हिरवा झाला, ताप, पाय सुजले, सकाळी उठल्यावर डोकं दुखतंय, दिवसा पेंग येतेय.

१०८ ला लगेच कधी: वाक्य पूर्ण बोलता येत नाही, ओठ निळे पडले, हाक मारून नीट जाग येत नाही, बोलणं असंबद्ध होतंय. अशा वेळी आधी मशीन, नळी, बाटली एकदा झटकन बघा, सिलिंडरवर घ्या आणि ॲम्ब्युलन्स येईपर्यंत बसतं करून ठेवा.

८. घराबाहेर आणि गावाला

घरात बसून बसून पाय जातात आणि मग दम अजून लागतो, म्हणून चालणं थांबवू नका, चालतानाच्या लिटरवर चालवा. बाहेरसाठी छोटा सिलिंडर ट्रॉलीवर किंवा बॅटरीवरचं पोर्टेबल मशीन. पोर्टेबल घेताना एक गोष्ट नक्की समजून घ्या, बरीचशी मशीनं श्वास ओढला की तेवढ्यापुरता झोत सोडतात, त्यावरचा २ म्हणजे २ लिटर नाही. प्रत्येकाला ते पुरत नाही आणि झोपेत तर विचारल्याशिवाय लावूच नये. विकत घ्यायच्या आधी पेशंटला ते लावून चालवून बघा.

पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, महाबळेश्वर साधारण १३५० वर. वर हवा विरळ, म्हणजे इथे २ लिटर पुरतात ते तिथे पुरतीलच असं नाही. विमानात स्वतःचा सिलिंडर नेता येत नाही, पोर्टेबल मशीनसाठी कंपनीला किमान दोन दिवस आधी कळवून डॉक्टरांचा फॉर्म भरावा लागतो. गाडीत सिलिंडर उभा, पट्ट्याने बांधून, खिडकी थोडी उघडी, आणि उन्हात बंद गाडीत सोडू नका.

९. गरज वाढली किंवा कमी झाली तर

वाढली तर आधी कारण शोधायला लावा. इन्फेक्शन, हृदयाचा त्रास, फुफ्फुसात गुठळी, किंवा नुसतं मशीन थकलेलं. पहिल्या हिवाळ्यात आईचे ३ लिटर झाले ते इन्फेक्शनमुळे, औषधं झाली, पण आम्ही ३ तसेच चालू ठेवले कारण कोणी कमी करा म्हटलं नाही. अडीच महिन्यांनी वही घेऊन गेलो तेव्हा डॉक्टरांनी परत एबीजी केली आणि दीडवर आणलं. आपणहून अपॉइंटमेंट घेतली नसती तर ३ तसेच राहिले असते. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसींचं विचारा, त्यानंतरचा हिवाळा आमचा बरा गेला. सरकारीत दाखवायचं असेल तर ससून आहे, औंधचं उरो रुग्णालय आहे.

५ लिटरच्या पुढे गेलं तर १० लिटरचं मशीन, कधी वेगळा मास्क, कधी रात्रीसाठी बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन), हे डॉक्टर सांगतील, पण ते सांगतील त्याच दिवशी भाड्याच्या दुकानाला फोन करा कारण बदलून मिळायला एक-दोन दिवस जातात.

कमी करताना मनाने काढून बघू नका. एक दिवस बरं वाटलं म्हणून आईने दुपारभर नळी काढून ठेवली होती, बसून ठीक होती, उठली आणि देवघरापाशी कोसळता कोसळता वाचली. कमी करायचं ते तपासून, आधी बसल्याजागी, मग चालताना, रात्रीचं सगळ्यात शेवटी.

मशीन परत करताना तास-मीटरचा फोटो परत काढा, डिपॉझिटची पावती हातात आल्याशिवाय मशीन गाडीत चढवू देऊ नका, आणि सिलिंडर मात्र डॉक्टर नको म्हणेपर्यंत परत देऊ नका.